अकरावर अडलेला सर्व्हर

घरी स्टोरेज सर्व्हर आणणाऱ्या गृहस्थाचा प्रवास ठरलेला. लग्नाचे फोटो, मुलांचे व्हिडिओ चढवायला घ्यायचे आणि वेग सेकंदाला ११ मेगाबाइटवर अडला की आधी सर्व्हरला शिव्या, मग नवा राउटर, मग एसएसडी. खिसा हलका होतो, आकडा अकराच.

हा आकडा म्हणजे खरं तर कबुलीजबाब. गिगाबिट जोडणीवर ११०च्या आसपास मिळायला हवेत. अकरा म्हणजे जोडणी शंभर मेगाबिटवर घसरलीय. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, शंभरला चार पुरतात. सोफ्याच्या पायाखाली एखादी तार तुटली, तर दोन्हीकडची यंत्रं बिनबोभाट खालच्या वेगावर समेट करतात. दिवा लुकलुकत राहतो, काम चालू असल्याचा देखावाही. (सरकारी कचेऱ्यांशी साम्य निव्वळ योगायोगाचं.)

पण शे-दोनशेची केबल बदलण्यात कसली प्रतिष्ठा? ती दहा गिगाबिटच्या स्विचमध्ये! तो आणायचा, त्याला जुनीच केबल खोचायची, आणि लॅपटॉप दोन भिंतींपलीकडे वाय-फायवर. हजारो बारीक फायली पाठवताना तर धडधाकट केबलवरही वेग कोसळतो, कारण प्रत्येक फाइल उघडण्या-मिटण्यातच वेळ जातो. तिथेही आळ मात्र डिस्कवरच.

जोडणी किती वेगावर जुळलीय, हे विंडोजच्या सेटिंगमध्ये लिहिलेलं असतं. आयपर्फ नावाचं साधन डिस्कला वगळून नुसत्या नेटवर्कचा वेग मोजून देतं. तेही फुकट. म्हणूनच ते आठवतं स्विच परत करायची मुदत उलटल्यावर.