देखाव्याकडे पाठ

आगगाडीत खिडकीची जागा मिळावी म्हणून माणसाने भांडावे, लांबून रुमाल टाकावा, प्रसंगी परक्याचे पोर मांडीवर घ्यावे, हे सर्व आपल्याकडे शिष्टसंमत आहे. परंतु ती जागा पदरात पडल्यावर, बाहेर डोंगर, सरोवरे आणि त्यांवर उतरलेले ढग असा निसर्गाचा दरबार भरलेला असताना, त्या दरबाराकडे निःशंकपणे पाठ फिरवून बसणारा गृहस्थ मी प्रथम पाहिला तो स्कॉटलंडात, फोर्ट विल्यमहून मॅलेगच्या बंदरापर्यंत 41 मैल धावणाऱ्या ‘जॅकोबाइट’ या वाफेच्या गाडीत. इंग्रज लोक या जातीच्या माणसाला, त्याच्या अंगातून कधीही न उतरणाऱ्या पावसाळी जाकिटावरून, ‘ॲनोरॅक’ म्हणतात. आपण त्याला इंजिनभक्त म्हणू.

आमच्या डब्यातले इंजिनभक्त सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. जाकिटाच्या एका खिशात स्टॉपवॉच, दुसऱ्यात टोक केलेल्या तीन पेन्सिली, आणि मांडीवर एक रोजनिशी, जिच्यातील रकाने पाहून आमच्या गावच्या जुन्या कुळकर्ण्यांनीही दप्तर बांधून काशीयात्रेची वाट धरली असती. मैलाचा दगड गेला की घड्याळ दाबावयाचे, वेग मांडावयाचा, शेऱ्याच्या रकान्यात धुराचा रंग लिहावयाचा, असा त्यांचा शिरस्ता. ब्रिटनमधील सर्वांत उंच पर्वत, 1345 मीटरांचा बेन नेव्हिस, मागे राहिला याची त्यांच्या दप्तरी नोंद नव्हती. (पर्वत ढगात होता, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे, पण तो ढगात आहे हे कळण्यासाठीसुद्धा मान वळवावी लागते.) मैफलीत तबल्याच्या मात्रा बोटांवर मोजीत बसणारे आणि राग कोणता झाला हे बाहेर आल्यावर शेजाऱ्याला विचारणारे रसिक आपल्याकडे आहेतच, त्यांचेच हे विलायतेतील बिरादर.

समोर त्यांच्या सौभाग्यवती लोकर विणीत बसल्या होत्या. त्यांची ही तेरावी फेरी.

डब्यात पोरे पुष्कळ, आणि निम्म्या पोरांच्या अंगावर काळे झगे. कारण हॅरी पॉटरच्या चित्रपटांत जादूच्या शाळेची आगगाडी ज्या पुलावरून जाते तो ग्लेनफिनन येथील पूल याच मार्गावर आहे. त्यांपैकी एका झगेधाऱ्यास जवळ घेऊन इंजिनभक्तांनी समजूत घातली की, चित्रपटातील इंजिन ‘ग्रेट वेस्टर्न’ घराण्याचे, आपल्या गाडीचे मात्र ‘लंडन मिडलंड अँड स्कॉटिश’ घराण्याचे, स्टॅनिअरसाहेबांनी आखलेले ‘ब्लॅक फाइव्ह’. 1934 ते 1951 या काळात अशी 842 बांधली गेली, आणि या दोन घराण्यांच्या शिट्ट्यांतला भेद ज्याला कळत नाही त्याने जादूच्या नादी लागू नये. मुलाने सर्व निमूटपणे ऐकून घेतले आणि आईला विचारले, “हे आजोबा त्या शाळेत मास्तर आहेत का?”

ग्लेनफिनन जवळ येताच सारा डबा डाव्या खिडक्यांकडे असा लोटला की गाडी कलंडते की काय अशी मला धास्ती वाटली. पूल खरोखरच पाहण्याजोगा. 21 कमानी, 100 फूट उंची, आणि सबंध पुलाला धनुष्यासारखा बाक, त्यामुळे मागच्या डब्यातल्या माणसाला स्वतःच्याच गाडीचे इंजिन समोर दिसते. तिथला खडक इतका चिवट की घडीव चिरे निघेनात, म्हणून रॉबर्ट मॅकअल्पाइन या ठेकेदाराने लोखंडी सळ्यांवाचून निव्वळ काँक्रीट ओतून तो उभा केला आणि ‘काँक्रीट बॉब’ ही पदवी मिळविली. 1901 साली मार्ग सुरू झाला. या परम क्षणी इंजिनभक्तांनी काय करावे? त्यांनी डोळे मिटले. कान तेवढे खिडकीकडे केले आणि मान किंचित हलवीत ते इंजिनाचा दम ऐकू लागले. अशा ठिकाणी डोळे मिटणारा मनुष्य एक तर योगी असावा नाहीतर वेडा, असा विचार करीत मी खिडकीबाहेर डोके काढले, आणि कोळशाचा एक कण अचूक माझ्या उजव्या डोळ्यात शिरला. बाईंनी लोकर बाजूला ठेवली, पर्समधून घडी घातलेला ओला रुमाल काढला आणि तेरा फेऱ्यांच्या सरावाने दोन क्षणांत तो कण बाहेर काढला. तेवढ्यात पूल संपला. 21 पैकी सुमारे साडेनऊ कमानी मी पाहिल्या, त्याही एका डोळ्याने.

पुढे लॉख नान ऊआव येथे समुद्राचा फाटा आत शिरलेला आहे. तेथील पूल लहान, पण इंजिनभक्तांनी टोपी काढली. बांधकामाच्या वेळी एक घोडा गाडीसकट पुलाच्या पोकळ खांबात पडला, अशी दंतकथा या मुलखात ग्लेनफिननच्या नावावर चालत आली होती. 2001 साली यंत्राने खांबाच्या पोटात डोकावून पाहिले तेव्हा घोडा निघाला तो या पुलात. “एक अश्वशक्ती,” ते गंभीरपणे म्हणाले, “अजून कामावर रुजू आहे.” त्या दिवसातला हा त्यांचा एकमेव विनोद, आणि तो विनोद आहे याची त्यांना कल्पना असावी असे वाटत नाही.

नंतर बीझ्डेलचा चढ लागला. 48 फुटांना 1 फूट. पाऊस पडत होता, रूळ ओले, चाके जागच्या जागी गरगरली, इंजिन धापा टाकू लागले, आणि उतारूंच्या चेहऱ्यांवर काळजी उमटली तेव्हा इंजिनभक्तांच्या चेहऱ्यावर पुत्रजन्माचा आनंद होता. त्यांनी सबंध पान भरले. खिडकीबाहेर एग आणि रम ही बेटे आली आणि गेली.

मॅलेगला उतरल्यावर मंडळी तळलेल्या माशांच्या वासामागे पांगली. हे मात्र फलाटाच्या टोकाशी इंजिनासमोर उभे. इंजिनाचा क्रमांक 44871. ब्रिटिश रेल्वेने वाफेला निरोप दिला त्या 11 ऑगस्ट 1968 च्या शेवटच्या गाडीला, कार्लाइलहून परतताना जोडलेल्या दोन इंजिनांपैकी हे एक. त्या गाडीचे तिकीट होते 15 गिनी. वडिलांपाशी तेवढे नव्हते, म्हणून बापलेक रुळांलगतच्या शेतात उभे राहिले. “समोरून तीस सेकंद गेली,” ते म्हणाले. स्टॉपवॉच तेव्हापासूनचे आहे.

येथे इंजिन फिरवायला चक्री नसल्यामुळे परतीच्या वाटेवर ते उलट्या तोंडाने, कोळशाची गाडी पुढे करून धावते. हे दुःख इंजिनभक्त दरवेळी नव्याने सोसतात. निघताना त्यांनी रोजनिशी पुरी करावयास घेतली. शेवटचा रकाना कोरा होता.

“आज समुद्र होता का गं?” त्यांनी विचारले.

“होता,” बाई टाके मोजीत म्हणाल्या. “मोरारला वाळू पांढरी होती. पलीकडे स्कायचे बेट स्पष्ट दिसत होते.”

त्यांनी पेन्सिल ओली केली आणि सौभाग्यवतींच्या जबानीवरून नोंद केली : समुद्र, होता.