आप्पांनी पाडलेला उजेड

वसई स्टेशनच्या पश्चिमेला उतरा आणि निर्मळ, भुईगाव, गास अशा कुठल्याही गावाची वाट धरा. केळीच्या वाडीत अजून उभ्या असलेल्या एखाद्या कौलारू घरात एक आप्पा हमखास सापडतात. वय पासष्टच्या पुढे. उभी नोकरी विरार लोकलच्या दाराशी लोंबकळत जाऊन-येऊन केलेली. लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये, नाहीतर एखाद्या कारखान्याच्या टूलरूममध्ये. निरोप समारंभात श्रीफळ हातात घेऊन त्यांनी जाहीर केलेलं असतं, "आता मनासारखं काम करणार." मुलगा पूर्वेकडच्या टॉवरमध्ये राहायला गेलेला. घर मोकळं.

आमच्या आळीतल्या आप्पांनी मधल्या खोलीचा वाळवीने पोखरलेला माळा उतरवला, तेव्हा त्यांच्या डोक्यावर थेट आढंच आलं. खोली तीस बाय वीस, आढ्यापर्यंत उंची अठरा फूट. तिथे त्यांनी वर्कशॉप थाटलं. सागाचं बेंच, शिकंजा, भंगारातून उचललेली एक लेथ. रंधे, पटाशा, करवती भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या, आणि प्रत्येक हत्याराच्या मागे पेन्सिलीने त्याची आकृती काढलेली, म्हणजे कोणी करवत पळवली तर भिंतच चोरी सांगेल. सगळं तयार होतं. काम सुरू व्हायला फक्त उजेडाचं बघायचं होतं.

माईंच्या पोळपाटाचा एक पाय निखळला होता. तीन पायांतला एक. "पहिलं काम तुझंच," असं आप्पांनी त्यांना वचन दिलं आणि पोळपाट बेंचवर नेऊन ठेवला.

खोलीत तोवर शंभरचा एक बल्ब होता, तुळईला वायर गुंडाळून लोंबणारा. दुसरा कोणी त्याच बल्बखाली पाय ठोकून मोकळा झाला असता. आप्पांनी वही काढली. शंभरच्या बल्बचा उजेड तेराशे ल्युमेन. तो बेंचपासून तेरा फूट उंच, म्हणजे चार मीटर. अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट घटतो, या नियमाने पोळपाटावर पडतात जेमतेम साडेसहा लक्स. "आणि बारीक कामाला पाहिजेत पाचशे!" आप्पा मला म्हणाले. त्यांचा स्वर असा होता, की इतकी वर्षं मी साडेसहा लक्सात जगलो कसा याचाच जाब द्यावा.

मग हिशेब वाढला. तीस बाय वीस म्हणजे छप्पन्न चौरस मीटर. पाचशेने गुणले की अठ्ठावीस हजार ल्युमेन. पण काळवंडलेली कौलं आणि वासे उजेड पितात. त्यांच्या नावावर निम्मा गेला. धूळ आणि भुसा बसून आणखी पाचवा हिस्सा जाणार. शेवटी सत्तर हजारांवर आकडा येऊन थांबला. वीस वॅटची एलईडी ट्यूब दोन हजार ल्युमेन देते. म्हणजे पस्तीस ट्यूब.

"पस्तीस?" माई दारातूनच म्हणाल्या. "अहो, लग्न आहे का कुणाचं?"

आप्पांनी तोडगा काढला. कौलांना आणि तुळयांना पांढरा रंग द्यायचा. पांढरा रंग उजेड परत फेकतो. सासऱ्यांच्या सासऱ्यांनी घासून तेल पाजलेल्या सागाच्या तुळयांना चुना लागणार हे ऐकल्यावर माई फक्त दोन दिवस बोलल्या नाहीत, आणि तो तोडगा आपोआप रद्द झाला. भिंती तेवढ्या पांढऱ्या झाल्या. हत्यारांच्या आकृत्या पुन्हा काढाव्या लागल्या. त्यात एक श्रावण गेला.

मुलाने सुचवलं, "बाबा, गाळ्यांमध्ये लावतात तसे लावा ना." आप्पा वालीव आणि सातिवलीच्या औद्योगिक वसाहतींत हिंडले. कोणाच्याही गाळ्यात शिरून ते वर बघत उभे राहत. मालकाला वाटे, कारखाना तपासायला कोणी साहेब आला. खुर्ची पुढे येई, चहा येई. तिथून त्यांनी थाळीएवढा गोल हाय-बे दिवा आणला, शंभर वॅटचा. उमराळ्याचा वायरमन आला, शिडीवर चढला, मी शिडी धरली. (आप्पांच्या शेजाऱ्याला दुसरं काम नसतं. "जरा येतोस का?" या हाकेचा अर्थ शिडी.) दिवा आढ्याला लागला, बटण दाबलं आणि परसातल्या केळीसुद्धा पानन् पान दिसायला लागल्या. माई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "कोण आलंय?"

उजेड भरपूर होता, पण एकाच ठिकाणाहून येत होता. आप्पा शिकंज्यावर वाकले की त्यांच्याच डोक्याची काळीकुट्ट सावली नेमकी कामावर पडे. ते डावीकडे सरकले, सावली सरकली. बेंचच्या पलीकडे गेले, ती तिकडे हजर. त्यात मृगाची पहिली सर आली, वाळवीला पंख फुटले आणि गावातली सगळी वाळवी त्या दिव्याच्या दर्शनाला लोटली. सकाळी बेंचवर पंखांचा थर, मध्ये पोळपाट. "एक मोठा दिवा म्हणजे एक मोठी सावली," आप्पांनी वहीत नोंद केली. "दिवे अनेक पाहिजेत, आणि खाली पाहिजेत."

जुन्या ट्यूबलाइट फुकट देणारे एक परोपकारी गृहस्थ मधेच उगवले. चोक-स्टार्टरसकट. आप्पांनी त्यांना ओटीवर बसवून समजावलं, की चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्यांना कळत नाही, पण लेथला कळतं. तीन जबड्यांचं चक मिनिटाला दोन हजार फेरे फिरत असलं की सेकंदाला बरोबर शंभर जबडे समोरून जातात, आणि फिरतं चक थांबल्यासारखं दिसतं. "थांबलं म्हणून हात घातला की बोटं गेली! म्हणून कारखान्यात शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर टाकायचे. घरी कुठे थ्री फेज?" गृहस्थांनी स्वतःची दहाही बोटं मांडीवर ठेवून मोजली आणि ट्यूब घेऊन परत गेले. हे सांगताना आप्पांचा चेहरा असा खुलतो, की हा माणूस आयुष्यभर यंत्रांवर वाकला हे खरं, पण त्याचं लक्ष बहुधा वर छताकडेच असणार. गिरणगावच्या करवतीच्या दातांसारख्या छपरांवरही ते तास तास बोलू शकतात. काचा उत्तरेला का, म्हणजे ऊन आत न येता उजेड कसा येतो, आणि जूनमध्ये मुंबईचा सूर्यच दुपारी उत्तरेला झुकतो त्याचं काय. शेवटचा मुद्दा निघाला की ऐकणाऱ्याने उठावं.

अखेर योजना ठरली. अठरा ट्यूब, सहा-सहाच्या तीन ॲल्युमिनियमच्या चौकटी, तुळईला दोरीने टांगलेल्या. नऊ फुटांवर आणल्या की तीनशे लक्स. बारीक कामाला बेंचवर वाकवता येणारा वेगळा दिवा. सगळ्या मिळून तीनशे साठ वॅट, म्हणजे जुन्या साडेतीन बल्बांचं बिल. हे मात्र त्यांनी माईंना दोनदा वाचून दाखवलं. रंगावरून चार दिवस चर्चा झाली: साडेसहा हजार केल्व्हिनचा पांढराफटक उजेड साग आणि शिसव दोघांनाही सारखंच आजारी दाखवतो, म्हणून चार हजार. चौकटी धातूच्या, म्हणून प्रत्येकीला अर्थिंग. "कशाला आप्पा, हलकं तर आहे," वायरमन म्हणाला. "हलकं आहे म्हणून करंट काय कमी लागतो?" आप्पा म्हणाले आणि ईएलसीबी बसेपर्यंत त्यांनी त्याला चहाही दिला नाही.

ट्यूब पुसायला दर वेळी शिडी नको, म्हणून चौकटी खालीवर करायच्या होत्या. त्यासाठी बावखलाकाठच्या विहिरीवरच्या जुन्या कप्प्या निघाल्या. त्या घासून, तेल घालून तुळईवर चढल्या. भिंतीवर दोरी बांधायला खुंट्या, आणि बाजूला खडूने खुणा: 'लेथ', 'रंधा', 'पुसणे'. दोरी ज्या खुणेला बांधाल त्या उंचीवर दिवे. खरं सांगतो, ते पाहायला आळी लोटली. आप्पा दोरी सोडत, अठरा ट्यूब सावकाश खाली येत, आप्पा ओढत, त्या वर जात. लक्समीटर हातोहात फिरला. कोपऱ्यातसुद्धा दोनशे सत्तर. सावली शोधून सापडेना.

पोळपाटही सापडेना. माईंनी तो कधीच उचलून नेला होता आणि आळीत पाटे टाकवायला आलेल्या बाईच्या हातोडीने ओट्यावर बसून स्वतःच पाय ठोकला होता. आप्पांनी तो नव्या उजेडात धरून पाहिला. "दीड मिलिमीटर आखूड आहे," ते म्हणाले. "पोळ्या गोल होतायत," माई म्हणाल्या.

एवढ्या उजेडात आणखीही गोष्टी दिसायला लागल्या. बेंच एका बाजूला उतरतं होतं. लेथचा पट्टा चिरला होता. भुशाचा कण न् कण हवेत तरंगताना दिसे, म्हणजे आता धूळ ओढायचा पंखा पाहिजे. काम सुरू व्हायला फक्त तेवढंच राहिलं. पंख्याची वही वेगळी.

एका संध्याकाळी आप्पा विरारहून बँकेचं काम उरकून आले तर वर्कशॉपमधून आरडाओरडा. आळीतली पोरं बेंच भिंतीला लावून, मध्ये माईंची कपडे वाळत घालायची दोरी बांधून बॅडमिंटन खेळत होती. पावसाळ्यात सगळ्या वसईत पाणी भरलेलं, मैदानात तळं. अठरा फूट उंचीची कोरडी जागा दुसरी कुठे मिळणार? चौकटी पार आढ्याशी नेऊन बांधल्या होत्या, आणि आप्पांच्या खुणांच्या वर चौथी खूण होती, वाकड्या अक्षरात: 'शटल'.

आप्पा कडाडले. पोरं हत्यारांच्या आकृत्यांशेजारी ओळीने उभी राहिली. त्यातली धिटुकली एक म्हणाली, "आप्पा, पण वर बघितलं की ट्यूब डोळ्यांत येते. शटल दिसतच नाही."

आप्पा थांबले. वर बघितलं. तिच्या जागी जाऊन उभे राहिले, रॅकेट मागून घेतली, हात उंच करून पुन्हा वर बघितलं आणि डोळे मिचकावले.

"दिवे डोक्यावर चालणारच नाहीत याला," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंना पाहिजेत, लांबीला समांतर. कोण रे तिकडे, माझी वही आण. आणि शेजारच्याला हाक मार, म्हणावं, जरा येतोस का?"