रविवारच्या बल्लवाचार्यांसाठी मेक्सिकन नियमावली

प्रस्तावना : ज्या विवाहित पुरुषांना महिन्याकाठी एखाद्या रविवारी अचानक स्वयंपाकाचा झटका येतो, त्यांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या हितार्थ सदर नियमावली तयार करण्यात आली आहे. पूर्वी हा झटका बिर्याणीवर भागत असे. मग पास्ता आला. सध्या मेक्सिकनची साथ आहे. नियम सर्वसाधारण स्वरूपाचे असून ते कोणा एका व्यक्तीला उद्देशून नाहीत. आमच्या घरातल्या व्यक्तीने ते वाचून तोंड पाडू नये.

नियम १ : उत्साह शनिवारी रात्री यावा.

राजमा भिजायला रात्र लागते. ही माहिती रविवारी सकाळी साडेदहाला मिळून उपयोग नाही. आमच्याकडचा संवाद साधारण असा असतो : “अगं, राजमा आहे ना घरात?” “आहे.” “मग झालं तर!” राजमा घरात असतो, पण डब्यात, कोरडा ठणठणीत. तेव्हा शनिवारी तो भिजवावा, सकाळी ते पाणी ओतून द्यावे आणि ताज्या पाण्यात कुकरला लावावा. दाणा दोन बोटांत धरल्यावर लोण्यासारखा चेपला पाहिजे. अर्धकच्चा राजमा हा चवीचा प्रश्न नाही. त्यातल्या एका घटकाने सपाटून उलट्या होतात आणि तो नुसता गरम करून जात नाही, खळखळून उकळावाच लागतो. पुढे कढईत कांदा-लसूण परतून त्यात हा राजमा थोड्या पाण्यासकट घालून पावभाजीच्या स्मॅशरने चेचत चेचत आटवावा. तिकडे हे डुकराच्या चरबीत करतात. आपल्याकडे शेंगदाण्याचे तेल चालेल, आणि शेंगदाणाही मूळचा अमेरिका खंडातलाच, तेव्हा मनाला टोचणी नको.

नियम २ : मक्याचे पीठ आणि कॉर्नफ्लोअर या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

पहिले पिवळसर, रवाळ आणि भाकरीचे. दुसरे पांढरे, मऊ आणि मंचुरियनची ग्रेव्ही दाट करायचे. एका सुशिक्षित, अभियांत्रिकी पदवीधर गृहस्थांनी दुसऱ्याच्या टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकन भाकऱ्या, करायला घेतल्या. परातीत जे तयार झाले ते मुठीत दाबले की घट्ट होई आणि मूठ उघडली की बोटांतून ओघळून जाई. या प्रकाराचे त्यांना इतके नवल वाटले की त्यांनी मुलांना बोलावून शास्त्रीय प्रात्यक्षिक दिले. जेवायला पोह्यांवर भागवावे लागले. पोहे कोणी केले, ते नियमावलीच्या कक्षेत येत नाही.

नियम ३ : मक्याला चुना लागतो.

हा नियम नीट वाचावा, कारण सगळी मेख इथेच आहे. मक्याची भाकरी कडेला चिरते आणि टॉर्टियाची गुंडाळी होते, याचे कारण हातात नाही, चुन्यात आहे. मेक्सिकोत वाळलेला मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात आणि रात्रभर तसाच ठेवतात. त्याने दाण्याचे साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यात अडकून पडलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. मका युरोपात गेला, पण ही रीत मागे राहिली. नुसत्या मक्यावर जगणाऱ्या तिथल्या गरिबांना पुढे नायसिनअभावी होणाऱ्या पेलाग्रा या रोगाने ग्रासले. आजींची एक पायरी गाळली की काय होते, त्याचा इतका मोठा दाखला दुसरा नसेल.

कृती : एक किलो वाळका मका घ्यावा, स्वीटकॉर्न नव्हे. साधारण दहा ग्रॅम खायचा चुना पाण्यात कालवून त्यात तो अर्धा-पाऊण तास मंद उकळावा आणि रात्रभर तसाच ठेवावा. भांडे स्टीलचे असावे, कारण चुना ॲल्युमिनियमला खातो. सकाळी दाणे चोळून साले काढावीत, चार पाण्यांनी धुवावेत आणि पाणी बेताचे घालून वाटावेत. पाटा-वरवंटा असेल तर उत्तम. मेक्सिकोतला पाटाही ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचाच असतो, फक्त त्याला पाय असतात.

चुना पानाच्या टपरीवर मिळतो. तो मागताना “चुना द्या” एवढेच म्हणावे. टपरीवाल्याला ॲझ्टेक संस्कृती समजावून सांगू नये. त्याने “किती पानांचा देऊ?” एवढेच विचारलेले असते आणि मागे चार माणसे ताटकळत असतात.

एवढा खटाटोप जमणार नसेल तर मक्याच्या पिठाची उकळत्या पाण्यात उकड काढून, चांगली मळून, प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये गोळी ठेवून वर सपाट बुडाचे ताट दाबावे आणि तव्यावर भाजावे. जे होईल त्याला टॉर्टिया म्हणू नये. गरम गरम खावे, फार छान लागते.

नियम ४ : भाषण वाढून झाल्यावर करावे.

आणि करायचेच असेल तर पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्यावर करावे. वर्ध्याचा हा माणूस गदर चळवळीतला क्रांतिकारक. देशात परतता येईना म्हणून मेक्सिकोत गेला, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागला आणि त्याने तिथल्या मक्यावर संशोधन केले. चित्रकार दिएगो रिवेराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या इमारतीत भाकरी वाटणारा माणूस रंगवला, तो खानखोज्यांना समोर ठेवून. 2022 साली चापिंगोत त्यांचा पुतळाही उभा राहिला. मेक्सिकन लोकांना मका शिकवायला विदर्भातून माणूस गेला, ही गोष्ट आम्हांला शाळेत कोणी सांगितली नाही. आमच्या बल्लवांनी सांगितली, तेवढ्यापुरते त्यांचे भाषण मी ऐकून घेतले. मात्र खानखोज्यांनी मका पिकवूनही दाखवला होता, हे नमूद करणे भाग आहे.

नियम ५ : मिरच्या भाजण्यापूर्वी खिडक्या उघडाव्यात.

मेक्सिकन दुकानांतल्या वाळक्या मिरच्यांची नावे पाठ करून वाण्याला छळू नये. रंगासाठी ब्याडगी, ठसक्यासाठी लवंगी किंवा संकेश्वरी, एवढ्यावर काम होते. मिरच्यांचे देठ व बिया काढाव्यात, मंद तव्यावर नुसत्या फुलेपर्यंत भाजाव्यात आणि पंधरा-वीस मिनिटे गरम पाण्यात भिजवून लसूण, भाजका टोमॅटो यांच्यासोबत वाटाव्यात. मिरची काळी पडली की सॉस कडू झाला, मग त्याला ‘स्मोकी’ म्हणून चालत नाही. गेल्या वेळी खालच्या मजल्यावरच्या काकू खोकत वर आल्या आणि त्यांनी मला विचारलं, “काय गं, मसाला करत्येस का? भर पावसाळ्यात?” मी काय सांगणार?

नियम ६ : चीज.

पिवळे चीज किसून डोंगर करणे ही टेक्ससची रीत. मेक्सिकोच्या घराघरांत पांढरे, ताजे, भुसभुशीत चीज असते. पनीर कुस्करून त्याला मीठ चोळले की काम झाले. सावर क्रीमसाठी चक्क्यात थोडी साय फेटावी. चारशे रुपयांचा डबा आणू नये.

नियम ७ : ॲव्होकाडो पाहुणे दारात आल्यावर चिरावा. लिंबू पिळले तरी तो काळा पडायचा राहत नाही, फक्त थोडा वेळ मिळतो. तो वेळ भाषणात घालवू नये.

नियम ८ : आईंचे मत अंतिम मानावे.

‘आई’ म्हणजे बल्लवांच्या मातोश्री, माझ्या सासूबाई. कांदा, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर, लिंबू हा प्रकार ‘पिको दे गायो’ म्हणून त्यांच्यापुढे ठेवला असता त्या म्हणाल्या, “कोशिंबीर छान झाली आहे. दाण्याचं कूट राहिलंय.” मोले नावाच्या सॉसची कृती मुलाने त्यांना वाचून दाखवली : मिरच्या भाजा, तीळ भाजा, मसाले भाजा, सगळं वाटा, मग ते वाटण तेल सुटेपर्यंत परता. त्या म्हणाल्या, “मग यात नवीन काय?” चॉकलेट असं उत्तर आल्यावर त्यांनी “ते नको” म्हणून विषय संपवला. मेक्सिकन कवी ओक्ताव्हियो पाझ 1962 ते 1968 या काळात दिल्लीत राजदूत होते. आपली करी आणि त्यांचे मोले यांतले साम्य त्यांनाही जाणवले आणि त्यांनी ते पुस्तकात मांडले. आईंना त्यासाठी ओटा सोडावा लागला नाही.

नियम ९ : एकादशीला मेक्सिकन करू नये, असे आईंचे म्हणणे.

परदेशी पदार्थ उपासाला चालत नाहीत. त्यांचा मान राखून आम्ही त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी करतो. साबुदाणा ज्या कंदाचा तो कसावा दक्षिण अमेरिकेतला, बटाटा अँडीज पर्वतातला, दाणे तिकडचेच, रताळेही तिकडचे. हिरवी मिरची आणि राजगिरा तर अस्सल मेक्सिकोचे. राजगिऱ्याच्या लाह्या गोड पाकात घालून केलेल्या वड्या आजही मेक्सिकोच्या रस्त्यांवर विकतात. आपला विठोबा हे सगळं पोर्तुगीजांच्या गलबतांपासून गोड मानून घेतो आहे. हा मुद्दा घरात कोणी काढू नये. मी काढला होता. “वरीचे तांदूळ आपलेच ना?” असं विचारून आईंनी मला गप्प केलं.

नियम १० : अस्सलपणाची टिमकी वाजवू नये.

“खरी टॉर्टिया मक्याचीच” असे पोळीकडे पाहून म्हणणाऱ्यांस कळवण्यात येते की उत्तर मेक्सिकोत गव्हाची टॉर्टिया पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात शेतीवर गेलेल्या पंजाबी पुरुषांना गावाकडून बायका नेता येईनात. त्यांच्यापैकी अनेकांनी मेक्सिकन मुलींशी लग्ने केली. त्या घरांत रोटी आणि टॉर्टिया एकाच तव्यावर भाजली गेली. पुढे यूबा सिटीत रोटीत चीज भरून केलेला केसादिया हॉटेलात मिळू लागला. तेव्हा सोमवारी डब्यात रविवारचा राजमा, कच्चा कांदा आणि लिंबू घालून कालच्या पोळीची गुंडाळी दिली तर तिला उरलंसुरलं म्हणू नये. खरं सांगायचं तर रविवारच्या पानापेक्षा ती चांगली लागते. राजमा रात्रभर मुरलेला असतो आणि ऐकायला कोणी नसतं.

नियम ११ : नाचो नावाच्या माणसाचा आदर्श ठेवावा.

1940 च्या दशकात मेक्सिकोच्या पिएद्रास नेग्रास या सीमेवरच्या गावी एका रेस्टॉरंटात अमेरिकेतून काही बायका आल्या. आचारी जागेवर नव्हता. इग्नासिओ अनाया ऊर्फ नाचो तिथे पाहुण्यांची व्यवस्था बघत असे. तो आत गेला. टॉर्टियाचे तळलेले तुकडे, वर चीज, वर मिरचीचे लोणचे, भट्टीत घालून बाहेर. जगभर त्याच्या नावाने ही डिश चालते. तीन वस्तू लागल्या आणि स्वयंपाकघर जागेवर राहिले. बल्लवांनी हा उतारा मोठ्याने वाचावा.

नियम १२ : परिशिष्ट, म्हणजे मोरी.

एका टॅकोसाठी दोन पातेली, कुकर, कढई, मिक्सरची तिन्ही भांडी, परात, पोळपाट आणि कारण नसताना खिसणी लागते. बल्लव जेवून कृतार्थ मुद्रेने दिवाणावर आडवे होतात. त्यांचा राजमा मात्र खरोखर उत्तम होतो. माझा इतका मऊ होत नाही, कारण माझ्याकडे त्यासाठी दोन तास नसतात. मुलं त्या दिवशी ताटाभोवती भांडत भांडत का होईना, पण एकत्र बसतात, आणि मोबाईल बाजूला असतो. म्हणून वाचक भगिनींना विनंती की अशा माणसाला थांबवू नये. शनिवारी रात्री राजम्याची आठवण करून द्यावी, रविवारी खिडक्या उघडाव्यात. फक्त भांडी घासणाऱ्या मावशी रविवारी येत नाहीत, हे त्याला अजून माहीत नसतं. तेवढं मात्र राजमा भिजत घालायच्या आधीच सांगावं.