आबासाहेबांची लघुशंका

स्वतःच्या लघवीविषयी चारचौघांत बोलायची वेळ आली, की आपण आवाज खाली आणतो, नाहीतर नुसती करंगळी दाखवून भागवतो. मांजराच्या बाबतीत ही भीड कुठे पळते कोण जाणे. एकदा बोक्याची लघवी तुंबून गेलेली दोन घरं लग्नाच्या पंगतीत शेजारी बसली, तर मठ्ठा येईपर्यंत गाडी खड्यांच्या आकारावर येते. समोरचा माणूस जिलबी खाली ठेवतो, पण यांना त्याचं काही नसतं.

आमच्या बोक्याचं नाव आबासाहेब. नाव ठेवताना त्याचा रुबाब पाहिला होता. पुढे याच नावाने फोनवर काय काय विचारावं लागेल, ते कोणाच्या डोक्यात नव्हतं. तो दवाखान्यातून घरी आला, तेव्हा मी डोंबिवली लोकलच्या लेडीज डब्यातून नवऱ्याला फोन करायचे. "आबासाहेबांना झाली का? किती झाली? रंग कसा होता? करताना ओरडले का?" समोर वाटाणे सोलत बसलेल्या बाई हळहळल्या. "सासरे का?" मी तोंड उघडायच्या आत त्यांनी प्रोस्टेट ठरवून टाकलं आणि लसणाच्या फोडणीचं कुळथाचं कढण द्यायला सांगितलं. "वय काय हो त्यांचं?"

"चार."

शेंग अर्धी उघडलेली तशीच राहिली. बोका आहे म्हटल्यावर निम्मा डबा हसला आणि उरलेल्या निम्म्याने आपापल्या मांजरांची दुखणी काढली. कढणाला मात्र मी तिथेच हात जोडले. लसूण, कांदा मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. आणि घरातली पॅरासिटामॉलची गोळी, 'अर्धीच देऊ, दुखत असेल बिचाऱ्याला' म्हणून दिलेली, ती तर मांजराला सरळ विष.

या सगळ्याचं खापर फोडायचंच तर वाळवंटावर फोडावं. पाळीव मांजराचा मूळपुरुष म्हणजे आफ्रिकेतलं आणि पश्चिम आशियातलं रानमांजर. कोरड्या मुलखात राहणारं, उंदीर खाऊन त्यातल्याच पाण्यावर भागवणारं. त्यामुळे या जातीला तहान बेताची आणि मूत्रपिंडं अशी काटकसरी, की थेंबही वाया जाऊ देत नाहीत. लघवी दाट. आता अशा प्राण्याला आपण बशीत कुरकुरीत दाणे वाढतो, ज्यांत पाणी जेमतेम दहा टक्के. पाऊचमधल्या ओल्या खाण्यात ते पाऊणहून अधिक असतं. आबासाहेबांसाठी आम्ही रुंद तोंडाचं भांडं आणलं, मग विजेवर चालणारं कारंजं आणलं. त्यांची पसंती देवघरातल्या तांब्यालाच. पाणी पोटात जातंय ना, मग देवाची हरकत नसावी असं गृहीत धरलं आहे.

दाट लघवीत स्फटिक जमतात. त्यातला एक प्रकार स्ट्रुव्हाइट, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट. 1980 च्या दशकात परदेशातल्या खाद्य कंपन्यांनी दाण्यांतलं मॅग्नेशियम घटवलं, लघवी आम्लधर्मी होईल अशी तजवीज केली. स्ट्रुव्हाइट कमी झाले आणि कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे वाढले. पुढच्या दाराने पाहुणे घालवावेत, तर मागच्या दाराने त्यांचे चुलतभाऊ बॅगा घेऊन हजर. त्यातही स्ट्रुव्हाइट जरा समजूतदार, औषधी खाण्याने विरघळतो. ऑक्झलेट विरघळायचं नाव घेत नाही, तो काढायला बहुधा शस्त्रक्रियाच लागते.

पण खरी गंमत पुढेच आहे. तरुण मांजरं वारंवार ट्रेमध्ये जाऊन बसतात, थेंब थेंब करतात, कधी रक्त पडतं, कधी न्हाणीघराच्या गार फरशीवर उरकतात. आणि तपासलं तर बहुतेकदा ना जंतू सापडतात, ना खडा. मूत्राशयाला सूज, कारण अज्ञात. डॉक्टरांनी आबासाहेबांची सोनोग्राफी झाल्यावर यंत्र बाजूला सारलं आणि आमच्याकडे मोर्चा वळवला. घरात काही बदल झालाय का? नवीन माणूस? फर्निचर हलवलं? वरच्या मजल्यावर फरश्या कापण्याचं काम चालू होतं, ते आम्ही उत्साहाने सांगितलं. दोष शेजाऱ्याचा निघाला की बरं वाटतं. मग त्यांनी विचारलं, "घरात भांडणं होतात का?" मी "नाही" म्हणाले, आणि त्याच क्षणी हे म्हणाले, "तशी फार नाही." डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. काय ते आम्ही विचारलं नाही.

अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांनी याच दुखण्यावर वर्षानुवर्षं काम केलं. तिथे असं दिसलं, की रोजचा क्रम बिघडला तर निरोगी मांजरंसुद्धा खाणं टाकतात, ओकतात, ट्रेबाहेर करतात. म्हणजे औषधाच्या चिठ्ठीवर गोळीपेक्षा घरच्या वागणुकीला महत्त्व. जेवण ठरल्या वेळी. चढून बसायला उंच जागा. खेळ. मांजरं असतील तितके ट्रे आणि वर एक जास्तीचा, तोही वॉशिंग मशीनच्या घरघरीपासून लांब. माझ्या सासूबाईंचं मत, की हे सगळं माणसांना मिळालं असतं तर घरात निम्मी दुखणी राहिली नसती. त्यांचं मत मला पटतं, फक्त त्यांच्यासमोर मी तसं म्हणत नाही. आमच्याकडे आता खडाजंगी झालीच तर ती दबक्या आवाजात होते. दात ओठ खाऊन कुजबुजत भांडणं हा प्रकार बाहेरून फार प्रेमळ दिसतो.

रोज सकाळी वाळूतले गोळे मोजण्याचं काम यांच्याकडे आहे. गोळा बनणाऱ्या वाळूचा हाच फायदा, हिशोब चोख राहतो. दिवसाला दोन ते चार, बऱ्यापैकी मोठे, म्हणजे ठीक. संख्या वाढली आणि आकार सुपारीएवढा झाला, की डॉक्टर.

आणि एकही गोळा नसेल तर? इथे मात्र हसणं बाजूला ठेवावं लागतं. बोक्याची मूत्रनलिका टोकाशी फार अरुंद असते, भाटीची आखूड आणि रुंद. म्हणून तुंबायचं ते बहुतेक बोक्यांचंच. बोका ताण देऊन बसतो, ओरडतो, शेपटीखाली सारखं चाटतो, आणि पुष्कळांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय, एरंडेल देऊन बघू. तेवढ्यात पोटॅशियम रक्तात साचत जातं आणि हृदयाची लय बिघडते. एकदोन दिवसांत बोका जाऊ शकतो. भूल देऊन कॅथेटर घातला, सलाईन लावलं, तर तोच बोका पुन्हा फ्रिजवर बसून तुमच्याकडे तुच्छतेने बघतो.

तेव्हा रात्री उघडा असणारा जनावरांचा दवाखाना जवळपास कुठला, त्याचा नंबर आजच फ्रिजवर चिकटवून ठेवा. बोका बसतोय आणि येत काहीच नाही असं दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका, फोन लावा आणि निघा.