सहाशेराव

पुण्यातल्या मोठ्या सोसायट्यांमध्ये हल्ली एक तरी सहाशेराव असतोच. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला, गुडघे अजून शाबूत असलेला, आणि घरच्यांनी सुचवलेला दुकानाचा गाळा बाजूला सारून हातातल्या पैशांचा कॅमेरा घेतलेला. कागदोपत्री त्याचं नाव वेगळं असतं. पण १५०-६०० एमएमची लेन्स ज्या दिवशी घरात येते, त्या दिवशी सोसायटी त्याचं नव्याने बारसं करते.

कोथरूडचे सहाशेराव हा त्यातला अस्सल नमुना. लेन्सचं वजन दोन किलोच्या आसपास. क्रॉप सेन्सरवर सहाशेचे नऊशे होतात, हे त्यांनी लिफ्टमध्ये भेटेल त्याला समजावलेलं आहे. जन्मभर ठेवींचे व्याजदर पाहिलेल्या माणसाला काही न करता पन्नास टक्के वाढ मिळाली, याचं अप्रूप वाटणारच.

मग पोशाख. हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचं जाकीट, तसलीच टोपी, लेन्सलाही तसलंच कापड. या वेषात ते पहाटे वेताळ टेकडीवर हजर होतात. पक्ष्यांना ते पहिल्याच मिनिटाला दिसतात. फिरायला आलेल्या ज्येष्ठांना मात्र दिसत नाहीत, आणि एखादं झुडूप अचानक खोकलं की मंडळी दचकतात.

पहिला मोठा शिकारखाना सिंहगडाच्या दरीत उघडला. तिथे स्वर्गीय नर्तकाचा नर दिसला, पांढराशुभ्र, लांब फितीसारखी शेपटी झुलवणारा. सहाशेरावांनी बटण दाबून धरलं. कॅमेरा सेकंदाला वीस फोटो काढतो. तेव्हा चहा होईपर्यंत कार्ड भरत आलं होतं. घरी मोठ्या पडद्यावर पाहिलं, तर मधली वाळकी काडी अशी लख्ख आली होती की तिच्यावरची मुंगी मोजावी. ऑटोफोकसने जवळचं ते आधी धरलं होतं. मागे पांढरा धूर होता, तो नर्तक.

“यातला ठेवायचा कोणता?” काकूंनी विचारलं.

“सगळेच. प्रत्येकात मान वेगळी आहे.”

मान कुठे आहे, हे काकूंनी विचारलं नाही. हार्ड डिस्क मात्र दुसरी आली.

काडी आड नसली तरी पक्षी हललेलेच येत. बिघाड कुठे होता, हे कळायला वेळ लागला. आयएसओ वाढवला की फोटोत दाणे येतात, असं कुणीतरी त्यांच्या मनात भरवलेलं. त्यामुळे झाडीतल्या अंधारातही आयएसओ शंभरावर, आणि शटर सेकंदाच्या साठाव्या भागावर. नऊशेच्या हिशेबाने हात हलू द्यायचा नसेल, तर सेकंदाचा हजारावा भाग तरी हवा. उडत्या पक्ष्याला दोन हजारावा. नऊशेचा आकडा लोकांना सांगायचा असतो, तसा शटरलाही लावायचा असतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. दाणे नंतर सॉफ्टवेअरने बरेच निवळतात. हललेला पक्षी मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरने धड बसत नाही.

मे महिन्यात ताडोबा झालं. १९५५ सालचं, महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान. जिप्सीच्या कठड्यावर लेन्स टेकवायला बीनबॅग लागते. दुकानातली किंमत ऐकून काकूंनी जुन्या जीन्सचा एक पाय कापला, तळ शिवला आणि आत दोन किलो तांदूळ भरले. (ते तांदूळ पुढे डब्यात परत गेले की नाही, हे त्यांच्याकडे जेवायला येणारे अजूनही विचारून घेतात.) मोहर्ली गेटातून गाड्या आत गेल्या, पाणवठे झाले, ऊन चढलं. आणि गाइड पुटपुटला, “सर, लेफ्टला पाहा, येऊन राह्यला.” वाघ झाडीतून निघून सरळ रस्त्यावर आला, जेमतेम पंधरा मीटरवर. चालकाने इंजिन बंद केलं, जिप्सीची थरथर थांबली, बीनबॅग जागेवर होती. सगळं शास्त्रोक्त. सहाशेरावांच्या चौकटीत फक्त वाघ मावेना. कधी कान, कधी चार पट्टे, कधी मिशीचे केस. वाघ रस्ता ओलांडून गेला. लेन्स दीडशेवर मागेही फिरते, हे त्यांना परतीच्या वाटेवर आठवलं. पार्कात मोबाइलला बंदी, त्यामुळे पूर्ण वाघ फक्त शेजारच्या जिप्सीतल्या शाळकरी मुलाकडे होता, खिशात मावणाऱ्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यात.

तेव्हापासून त्यांना एफ. डब्ल्यू. चॅम्पियन फार जवळचे वाटतात. शंभर वर्षांपूर्वी संयुक्त प्रांतातले हे वनाधिकारी रात्री जंगलातल्या वाटेवर तार लावून ठेवत. वाघाचा पाय लागला की फ्लॅश उडे आणि फोटो निघे. “म्हणजे फोटोच्या वेळी चॅम्पियन तिथे नव्हतेच,” सहाशेराव सांगतात. “मी निदान होतो.”

सोसायटीच्या ग्रुपवर मिशीचा फोटो पडला. अठरा अंगठे आले, तीन जणांनी ‘अप्रतिम सर’ लिहिलं, आणि तळमजल्यावरच्या जोशीकाकूंनी विचारलं, “हे कोणतं गवत?”

खरी शिकवणी मिळाली ती भिगवणला. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात आणि कुंभारगावचे नावाडी पर्यटकांना होडीतून त्यांच्याजवळ नेतात. हे मूळचे मासेमार. पक्ष्यांची इंग्रजी नावं त्यांना तोंडपाठ. सहाशेराव होडीत उभे राहून वरून नेम धरत होते.

“सायेब, हुबं ऱ्हाऊ नका. बसा. अजून खाली.”

खाली बसल्यावर लेन्स पाण्यालगत आली आणि चित्रच पालटलं. पक्ष्यामागचं गढूळ पाणी गेलं. लांबचा काठ विरघळून मऊ पडदा झाला. नावाड्याने होडी थेट थव्यावर नेली नाही. तिरकी घेत, थांबत, नजर दुसरीकडेच आहे असं भासवत तो सरकत राहिला. मग म्हणाला, “ऊन आन् वारं दोनी पाठीमागं घेतल्यात. पक्षी वाऱ्याच्या तोंडाला उडतुया, म्हंजे तुमच्याकडंच येनार. आधी पान्यावर पळंल. पळाय लागला की दाबा.”

रोहित पळायला लागले. गुलाबी-काळे पंख उघडले. सहाशेरावांनी दाबलं. बँकेतल्या कुठल्याही प्रशिक्षण शिबिरात त्यांनी इतकं निमूट ऐकलेलं नव्हतं.

त्याच सकाळी बगळ्याचं कोडंही सुटलं. काळसर पाण्यात पांढरा बगळा उभा असला, की कॅमेऱ्याचं मीटर त्या सगळ्या काळोखाला भुलून फोटो उजळवतं आणि बगळ्याची पिसं चुन्यात जातात. एक्सपोजर एक घर खाली आणलं, तर पीस न् पीस दिसतं. हे माहितीपुस्तिकेत होतं. ती पुस्तिका अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत होती.

नव्या मंडळींना दोन मोह हमखास होतात: मोबाइलवर पक्ष्याची साद वाजवून त्याला जवळ बोलावणं, आणि घरट्याशी जाऊन उभं राहणं. सहाशेरावांनी दोन्हींची तयारी केली होती. पण पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच बसतं, हे वाचलं आणि जुना अधिकारी जागा झाला. आता दुसरं कुणी घरट्यापाशी रेंगाळलं, तर ते कलम ऐकवतात. बंदूक नसलेल्या शिकाऱ्यावर खेकसण्यात जी मजा आहे, ती मुदत ठेवीत नाही.

सध्या त्यांचा मुक्काम घराजवळच्या टेकडीवर, एका वाकड्या वाळक्या फांदीसमोर असतो. तिथे वेडा राघू बसतो. नाव वेडा, पण सवयी काटेकोर. हवेत झेप, माशी पकडली, आणि पुन्हा त्याच फांदीवर. मधमाशी असली तर तिला फांदीवर आपटायची, नांगी निकामी करायची आणि मग गिळायची. सहाशेराव सूर्य पाठीशी घेतात, फोकस डोळ्यावर लावतात, शटर दोन हजारावर ठेवतात आणि राघूऐवजी फांदीची वाट बघतात. चोचीत चतुर आडवा धरलेला, डोळ्यात उजेडाचा ठिपका आलेला त्यांचा फोटो खरोखर देखणा आहे. जोशीकाकूंनी तो कॅलेंडरसाठी मागून घेतला.

या यशाचा परिणाम भाचीच्या लग्नात दिसला. मुहूर्ताच्या वेळी सहाशेराव हॉलच्या दाराबाहेर, चपलांच्या ढिगापाशी मांडी घालून बसले होते. चौकटीत माणूस मावायला तेवढं अंतर लागतंच. ऊन पाठीशी होतं, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. आठवड्याने दोन्ही घरची माणसं फोटो बघायला जमली. नवरीचा डोळा असा आला होता की पापण्यांवरचा अक्षतेचा कण मोजावा. मुलाच्या आईने चष्मा पुसला, फोटो जवळ नेला, लांब नेला.

“आणि आमचा श्री?”

“तो मागे आहे ना, विहीणबाई,” सहाशेराव कौतुकाने म्हणाले. “बघा कसा सुरेख विरघळलाय.”