शालेय छायाचित्रण मंडळाची वाढ : सूत्रे आणि भाष्य

शाळेतली बहुतेक मंडळे जून महिन्यात फळ्यावर जन्म घेतात आणि फळा पुसला की निवर्ततात. छायाचित्रण मंडळ तेवढे वाढत जाते. या वाढीकडे विद्वानांनी केलेले दुर्लक्ष दूर करण्यासाठी प्रस्तुत प्रबंध सादर आहे.

सूत्र पहिले : सभासदांची संख्या कॅमेऱ्यांच्या संख्येशी व्यस्त प्रमाणात असते.

भाष्य : शाळेत कॅमेरा एकच असला, तर तो धरायला एक जण लागतो. लेन्सचे झाकण सांभाळायला दुसरा लागतो आणि झाकण काढायचे राहिले आहे हे सांगायला तिसरा; ही दोन्ही कामे एकाकडे दिल्यास फोटो काळे येतात. आज ऊन धरावे की ढग, यावर मत देणारे किमान तिघे लागतात, कारण दोघांत निकाल लागत नाही. शिवाय 'मागचे थोडे सरका' असे ओरडणारा एक. अशा रीतीने एका कॅमेऱ्यावर अर्धा वर्ग पोसला जातो.

यास इतिहासाचा आधार आहे. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली; डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिचे सभासद होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. त्या काळी ओल्या काचेची पद्धत होती. काचेला कलोडियन लावायचे, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळण्याआधी धुवायची. बाहेर फोटो काढायचा तर अंधारा तंबू, बाटल्या, काचा आणि पाणी सोबत न्यावे लागे. एवढे ओझे एकट्याला झेपत नाही, हेच मंडळाच्या उत्पत्तीचे कारण. उलट 1888 चा कोडॅक शंभर फोटोंची फिल्म पोटात घेऊनच आला आणि ते संपले की कॅमेराच कारखान्यात पाठवायची सोय झाली. मंडळ या संस्थेवरचा हा पहिला घाला.

सूत्र दुसरे : मंडळ प्रकाशावर जगते, पण अंधारात वाढते.

भाष्य : फोटो काढण्यासाठी तास बुडवता येत नाही, धुण्यासाठी येतो. म्हणून प्रयोगशाळेमागच्या अडगळीच्या खोलीला काळे कागद लागतात आणि दिव्याला लाल जिलेटीन गुंडाळले जाते. कृष्णधवल कागदावर लाल उजेडाचा परिणाम होत नाही, हे शास्त्रीय कारण. दार उघडले तर कागद काळा पडतो, म्हणून मुख्याध्यापकांनाही बाहेर उभे करता येते, हे सामाजिक कारण. सभासद दुसऱ्या कारणाने येतात आणि पहिले कारण सांगतात. रसायनाच्या प्रयोगाला लागणारा हायपो आणि फोटो पक्का करणारा हायपो एकच असल्याने, मंडळाची भरभराट प्रयोगशाळेतल्या बाटलीची पातळी पाहून अचूक मोजता येते.

सूत्र तिसरे : रोल संपेपर्यंत कोणी राजीनामा देत नाही.

भाष्य : आग्फा क्लिक थ्रीच्या रोलात 12 चौकोनी फोटो बसत, 35 मिलिमीटरच्या रोलात 36. पैकी शेवटचे दोन-तीन नेहमी शिल्लक राहतात. ते वाया घालवायचे नाहीत हा मध्यमवर्गीय धर्म असल्याने 15 ऑगस्टचे झेंडावंदन, सहामाहीनंतरची गडावरची सहल आणि स्नेहसंमेलनातले बक्षीसवाटप एकाच रोलात नांदतात आणि रोल थेट 26 जानेवारीनंतर धुवायला जातो. तोवर आपण कसे आलो आहोत हे कोणालाच कळलेले नसते. आशा हीच वर्गणी.

पूर्वपक्ष : आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. तेव्हा सारी शाळाच सभासद झाली आणि मंडळ वाढीच्या शिखरावर पोचले, असे का म्हणू नये?

उत्तरपक्ष : पहिले सूत्र लावून पाहावे. कॅमेरे वाढत गेले की सभासद शून्याकडे सरकतात. आज सहलीत चाळीस मुले चाळीस फोटो काढतात आणि चाळीसही स्वतःचे. 'मागचे थोडे सरका' हे पद रद्द झाले आहे, कारण मागे कोणी उरलेच नाही. अंधारी खोली संगणक कक्षात विलीन झाली. तिथे दिवे ढळढळीत आणि मुख्याध्यापक केव्हाही येतात. हजार फोटो आहेत, पण ज्याची वाट पाहावी असा एकही नाही.

निष्कर्ष : फोटो हे मंडळाचे उत्पादन नसून निमित्त आहे. खरे उत्पादन म्हणजे एका वस्तूभोवती बारा जणांनी घातलेला वाद. तेव्हा ज्या शाळांना छायाचित्रण मंडळ वाढवायचे असेल, त्यांनी अनुदानाच्या अर्जात एकच कॅमेरा मागावा. तो फिल्मचा असावा आणि त्याचे झाकण अधूनमधून हरवणारे असावे. दोन मंजूर झाल्यास एक साभार परत करावा.