नवशिक्यांसाठी पापनिवेदन

आधी मुहूर्त. वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावं, असा नियम कॅथलिक चर्चने १२१५ साली चौथ्या लॅटरन परिषदेत घातला. ‘एकदा तरी’चा अर्थ ‘एकदाच’ असा लावायची रीत वसईपासून वांद्र्यापर्यंत रूढ आहे, त्यामुळे ईस्टरच्या आधी चर्चमध्ये रांग लागते. नवशिक्याने या रांगेतच उभं राहावं. पुढच्या बाई आत किती वेळ होत्या यावरून त्यांच्या पापांचा अंदाज बांधू नये. आपल्या यादीत उगाच एक वाढतं.

फादर कोणते निवडावेत? आपल्या गावातले आवाज ओळखतात, म्हणून बरेच जण रिक्षा करून शेजारच्या धर्मग्रामात जातात. फादर आणि आपल्यामधला जाळीचा खण सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी रुजवला, तो मर्यादा राखण्यासाठी. आवाज बदलून बोलण्याची सोय त्यात नाही. गुप्ततेची काळजी नसावी. ऐकलेलं बाहेर फोडणारा धर्मगुरू त्याच क्षणी बहिष्कृत होतो. प्रागच्या जॉन नेपोमुक यांना १३९३ मध्ये राजाने नदीत बुडवलं. राणीचं पापनिवेदन त्यांनी सांगितलं नाही म्हणून, असं परंपरा मानते. तुमच्या खोट्या प्रवासबिलाला एवढा धोका नाही.

आता मुख्य भाग: बोलायचं काय. इथे हमखास घोटाळा होतो, कारण माणसं स्वतःची सोडून घरातल्या सगळ्यांची पापं सांगतात.

“फादर, मी फार रागावते. पण तुम्ही आमच्या सुनेला ओळखता ना?”

“ती आली की तिचं ऐकेन. तुमचं सांगा.”

“तेच सांगतेय. परवा तिने...”

‘पण’ आला की पापनिवेदन संपलं आणि तक्रार सुरू झाली, असं समजावं. दुसरा घोटाळा पुरुषांचा. ‘माणूस म्हटला की चुका होणारच’ असं सांगून ते मोकळे होतात. फादरना अखिल मानवजातीला क्षमा करायची नसते, समोरच्या एका इसमाला करायची असते. गंभीर पापाचा प्रकार सांगायचा आणि संख्याही. ‘थोडंफार खोटं’ यात दोन्ही नाही.

प्रोटेस्टंट वाचकांना जाळी नाही, फादर नाही, थेट देवाशी बोलणं. सोपं वाटतं. मात्र १९०५ मध्ये केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, मुली सगळ्यांदेखत रडत पापं कबूल करत होत्या. त्यापेक्षा जाळी बरी, असं मला तरी वाटतं.

मग पश्चात्तापाची प्रार्थना, पापक्षमा आणि प्रायश्चित्त. पाच वेळा ‘नमो मारिया’ मिळालं तर नवशिके खूश होतात. बाकावर बसून तीन मिनिटांत उरकतं. पण वाडीचं कुंपण हातभर पुढे सरकवलं असेल, तर प्रार्थनेने ते मागे येत नाही. घेतलेलं परत करावं लागतं, आणि याबाबत फादर सहसा ऐकत नाहीत.

इथे लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय पाहावा. मुख्य जकातदार, गडगंज, लोकांना लुबाडणारा. येशू त्याला उंबरावरून खाली बोलावतो आणि म्हणतो, आज तुझ्या घरी उतरणार. परतफेडीचा विषयही काढत नाही. हा आपणहूनच अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, लुबाडलेलं चौपट परत करायला निघतो, आणि सगळ्या गोष्टीत आनंदात दिसतो. त्याच्या एकच अध्याय आधी एक श्रीमंत अधिकारी येतो. आज्ञा लहानपणापासून पाळत आलेला, निवेदन करण्याजोगं फारसं काही नसलेला. सगळं विकून गरिबांना दे म्हटल्यावर तो फार खिन्न होतो. दिवाळं निघालेला हसतोय आणि सगळं शाबूत असलेला तोंड पाडून उभा, हा हिशोब चर्चमध्ये शिरण्यापूर्वी एकदा वाचून ठेवावा.

तेव्हा कुंपण. शेजाऱ्याला आधी सांगावं. तो चार शब्द सुनावेल, ते ऐकून घ्यावेत. मोजणीवाल्याला बोलवायची गरज नाही, जुना दगड कुठे होता हे तुम्हाला पाठ असतं. तार, खांब आणि मजुरी तुमच्याकडे.